चार बोटं मागं

दिवाळीच्या पणत्या कोनाड्यातून उतरल्या की माझी हिवाळ्याची यादी शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला चढते. गोधड्यांना ऊन दाखवणे. बाजरी चाळून डब्यात भरणे. टाकीची तोटी बदलणे. लग्नसराईच्या ब्लाउजांसाठी अस्तर आताच आणून ठेवणे, नंतर केजला हवा तो रंग मिळत नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये एक ओळ असते: सायकल, तेलपाणी, सीटचा बोल्ट पाहणे.

बाकीच्या ओळींवर काट मारताना मला काही वाटत नाही. ही ओळ मात्र लिहितानाही हसू येतं आणि काटतानाही. यंदाही आलं. दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या बाईने विचारलं, "काय झालं वैनी?" मी म्हटलं, काही नाही, येळवस जवळ आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण.

आमच्या युसूफ वडगावात हिवाळा अंगाला लागायच्या आधी कानाला लागतो. रानातून पाखरं हाकलायचा डबा वाजतो. सकाळी ज्वारीची पानं एकमेकांना घासतात तेव्हा नव्या साडीची घडी मोडल्यासारखा आवाज येतो. हरभऱ्याच्या रानातून जावं तर पायाला आंब लागते. हरभऱ्याच्या पानांवरचं ते आंबट दव पोटरीवर सुकलं की थोडं चरचरतं. गावातल्या मुलांना ते आवडत नाही. मला आवडतं, आणि आत्याबाईंना तर त्याशिवाय हिवाळा आला असं वाटतच नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असतात. गावापासून थोडं लांब, ओढ्यापलीकडे आमचं रान आहे. तिथे ज्वारी, हरभरा आणि बांधाला थोडी करडई. सासरे गेल्यानंतर ते रान आत्याबाईंनीच पाहिलं. आमचे हे बाजारात आडतीवर हिशेब पाहतात. त्यांना पोत्यातली ज्वारी कळते, रानातली कळत नाही. हे माझं मत नाही, आत्याबाईंचं आहे, आणि त्या ते त्यांच्या तोंडावर सांगतात.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आत्याबाईंचे गुडघे रुसले. घरात त्या चालायच्या, पण रानापर्यंतची वाट पायांना जमेना. मग यांनी सकाळी मोटारसायकलवर सोडायचं आणि दुपारी आणायचं असं ठरलं. सोडणं वेळेवर व्हायचं, आणणं नाही. आडतीवर गाडी लागली की यांना घड्याळ दिसत नाही. आत्याबाई ओढ्याच्या पुलावर बसून राहायच्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय काकू, बाळू आला न्हाई का?" रानात वाकून दमलेल्या बाईला त्या प्रश्नाने जास्त दमायला व्हायचं.

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर यांनी विषय काढला. शेजारच्या रानातले विठ्ठलअण्णा आमचं रान बटईने करायला तयार होते. कष्ट त्यांचे, माल निम्मा-निम्मा. गुढीपाडव्यापासून रान त्यांच्याकडे.

"येळवसेला अण्णा आपल्याच कोपीवर जेवायला येणार हायेत," हे म्हणाले. "तिथंच बोलून टाकू."

आत्याबाईंनी करंजी मोडली, पण खाल्ली नाही. "आन् मी काय करू मग?"

"तू आराम कर की."

"आराम मला येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "येळवसेपत्तर मी माझी माझी रानात जायला लागले तर बटईचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

हे हसून म्हणाले, कबूल. त्यांना वाटलं, जाणार कशाने?

कोपऱ्यात गौरीची सायकल उभी होती. गौरी माझी मुलगी. दहावीपर्यंत तिने ती शाळेला वापरली, मग अकरावीला लातूरला गेली. सायकलीवर तेव्हा वाळवणाची चादर टाकलेली होती. आत्याबाईंनी चादर उचलली, घडी करून माझ्या हातात दिली, आणि घंटी वाजवून पाहिली.

मला वाटलं आता शिकवण्यापासून सुरुवात करावी लागेल. पण आत्याबाईंना सायकल येत होती. माहेर शिरूर कासारचं. आईवडील ऊसतोडीला गेले की चुलत्याकडे राहायच्या, आणि चुलत्याची मोठी, आडव्या नळीची सायकल होती. त्या नळीच्या खालून पाय पलीकडे घालायचा, अंग एका बाजूला काढायचं, आणि कमरेत वाकून पॅडल मारत जायचं. दळण, रॉकेल, सगळं त्यांनी तसंच आणलेलं.

"मग सीटवर बसायला कधी शिकलात?" मी विचारलं.

"बसले कुठं?" त्या म्हणाल्या. "उंची वाढली तवर लगीन झालं."

म्हणजे बाईला सायकल येत होती, फक्त सायकलीवर बसणं येत नव्हतं. जन्मात कधी सीटला अंग लागलेलं नाही. आमच्या भागात त्यांच्या वयाच्या अशा आणखीही बायका असतील. रस्ता माहीत आहे, तोल माहीत आहे, आणि बसायची जागा तेवढी माहीत नाही.

पहिल्या दिवशी अंगणात त्या बसल्या. सीट गौरीच्या मापाने वर होती. पाय जमिनीला टेकेनात, फक्त अंगठ्याचं टोक. मी कॅरिअर धरून उभी होते. त्या म्हणाल्या, "शोभा, ही झाडावर बसल्यावानी वाटतंय." आणि उतरल्या.

मग सीट खाली गेली. तळपाय चांगले टेकले, भीती गेली. पण पॅडल मारायला लागलं की गुडघा पोटाशी यायचा, आणि दोन गल्ल्या फिरून आल्यावर त्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळायच्या. गौरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, सीट खाली असली की गुडघ्यावर ताण येतो. वर घ्या. पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे." हे म्हणाले, "वर घेतली आन् आई पडली तर? खालीच ठेवा." असा आमच्या घरात वरचा पक्ष आणि खालचा पक्ष तयार झाला. सकाळी गौरीचा फोन झाला की सीट वर, संध्याकाळी हे आले की खाली.

दोन्ही पक्षांची कामं सलीमभाईकडे यायची. बसस्टँडच्या बाजूला चिंचेखाली त्यांचं सायकलचं दुकान. स्वभावाने इतके भिडस्त की कुणालाच नाही म्हणणार नाहीत. मी गेले की सीट वर, हे गेले की खाली. शेवटी एक दिवस ते पाना हातात धरून म्हणाले, "भाभी, तुमी दोघं एकदा घरात बसून फैसला करा. बोल्टचे आटे झिजायला लागले."

हे खरं होतं. मी बोटाने पाहिलं तर बोल्ट गुळगुळीत झाला होता. तो बदलला, आणि घरी येताना मी ठरवलं की हे असं चालणार नाही, नीट मांडून पाहायला पाहिजे.

मी मांडलं ते असं. एक, पाय टेकले पाहिजेत. दोन, गुडघा दुखता कामा नये. पहिल्यासाठी सीट खाली, दुसऱ्यासाठी वर. दोन्ही एकदम होत नाही. तिथे माझी मांडणी संपली आणि मी भाकरी थापायला गेले.

उत्तर आलं ते वालाच्या शेंगांमुळे. दुपारची वेळ, मी ओट्यावर कापड कापत होते, अंगणात सायकल स्टँडवर उभी. आत्याबाई त्या सायकलीच्या कॅरिअरवर टेकून बसल्या होत्या, मांडीवर सूप, शेंगा सोलत. दोन्ही पाय जमिनीवर पसरून आरामात टेकलेले. सोलता सोलता त्यांनी एक पाय उचलला आणि पॅडलवर ठेवला. पाय पुढे छान लांब झाला.

"हितनं मारता येत न्हाई का गं पायडल?" त्या म्हणाल्या. "हितं लई बरं वाटतंय. पाय बी टेकतोय आन् गुडघा बी मोकळा."

"तिथून हँडल कसं धराल?"

"तूच धर. तुला लई हौस हाय पुढं पुढं करायची."

मी हसले, आणि हातातली कात्री तशीच राहिली. समोर टेबलावर घेराचा परकर कापायला पडला होता. घेर काढताना आम्ही दोऱ्याचं एक टोक कमरेच्या जागी बोटाने दाबतो, दुसऱ्या टोकाला खडू धरतो आणि फिरवतो. दोरा तेवढाच राहतो, खडू मात्र बाजूला जाता जाता खालीही उतरतो. मी दोरा घेतला. एक टोक पॅडलशी धरलं, गुडघा मोकळा राहतो त्या उंचीच्या सीटपर्यंत ताणला, आणि मग दोरा तेवढाच ठेवून हळूहळू मागे फिरवला. टोक मागे गेलं तसं खाली आलं. म्हणजे सीट मागे नेली तर पॅडलपासूनचं अंतर तेच राहतं आणि जमीन जवळ येते. आम्ही सगळे आठवडेच्या आठवडे वर आणि खाली एवढंच भांडत होतो. मागे-पुढे असंही काही असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं तर शिवणकाम करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला पाहिजे होतं. ब्लाउज खांद्यात ओढला की बायका म्हणतात उंची वाढवा. उंचीचा काही संबंध नसतो, पाठ सैल करावी लागते.

मग मी सायकल नव्याने पाहिली. सीट ज्या नळीवर बसते ती नळी मुळातच सरळ उभी नसते. भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माणसासारखी थोडी मागे रेललेली असते. म्हणूनच सीट वर घेतली की ती चोरपावलांनी मागेही जाते, आणि खाली आणली की पुढे येते. मी सीटच्या टोकाला दोरा लावून त्याला बॉबिन लटकवली आणि दोन्ही उंचींना पाहून घेतलं. यांची खालची सीट नुसती खाली नव्हती, पुढेही आलेली होती. म्हणून गुडघा पोटात. तीच सीट खाली ठेवून मागे नेता आली तर? पण नळी सरळ. ती जिथे जाते तिथेच सीट बसते.

सलीमभाईंना मी दोरा-बॉबिनसकट सगळं दाखवलं. त्यांनी आधी सोपा इलाज केला. सीटखाली जी पकड असते, ती नळीच्या पुढे होती. ती उलटी फिरवून मागे घेतली. सीट दोन बोटं मागे गेली. आत्याबाई बसल्या, म्हणाल्या, "सुदारलंय. पर पोट भरलं न्हाई."

मग सलीमभाई भंगाराच्या ढिगात शिरले. बराच वेळ नुसता खडखडाट. बाहेर आले तेव्हा हातात एक बारीक जुनी नळी होती, वरून काटकोनात वळलेली, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी. पूर्वी काही सायकलींना अशी यायची. सीट त्या आडव्या भागावर बसते. आमच्या सायकलीच्या भोकात ती ढिली पडत होती, तर पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवायचं त्यांनी काढलं. मी नाही म्हटलं. सासूला पट्टीवर बसवून ओढ्याचा उतार उतरवायचा नाही. ते केजला गेले आणि बरोबर मापाची आणली. तशीच वळलेली.

आणि बसवली उलटी. म्हणजे वळण पुढच्या बाजूला, हँडलकडे.

"सलीमभाई, ही पुढं कावून घेतली?" आत्याबाईंनी विचारलं.

"काकू, वयस्कर माणूस हँडलच्या जवळ असलेलं बरं. हातात ताबा राहतो."

आत्याबाई बसल्या. पहिल्याच फेरीला गुडघा हँडलला ठोकला आणि घंटी आपोआप वाजली. दुसऱ्या फेरीलाही वाजली. चिंचेखाली बसलेले लोक पाहायला लागले. प्रत्येक फेरीला ठण, ठण. आत्याबाई उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सलीम, ही सायकल हाय का देवळातली घंटा? गुडघ्यानं वाजवायची का?"

सलीमभाईंनी नळी फिरवली. वळण मागे आलं, सीट आमच्या हाताने चार बोटं मागे आणि तेवढीच निवांत खाली. हँडल मात्र आता लांब पडलं. पण मुलींच्या सायकलीचं हँडल मागे वळलेलं असतं, ते बोल्ट ढिला करून आणखी थोडं अंगाकडे घेतलं. आत्याबाई बसल्या. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट. पाय पॅडलवर ठेवून लांब केला, गुडघा मोकळा. मग त्यांनी काष्टा आवरला आणि निघाल्या. बसस्टँडपाशी वळल्या, परत आल्या, आमच्यासमोर थांबताना दोन्ही पाय सहज खाली टेकवले. शेळ्यांचा एक कळप मधून गेला, त्या बसल्या जागी बसून राहिल्या.

"आता कळलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लोक सायकलीवर बसतात कावून ते."

माझ्या आठवणीत त्या हिवाळ्याची तेवढी एक दुपार वेगळी काढून ठेवल्यासारखी आहे. चिंचेच्या पानांतून उन्हाचे ठिपके, वंगणाचा वास, आणि सीटवर बसलेल्या आत्याबाई. नळीखालून पाय घालून गाव फिरलेल्या बाईला सरळ पाठीने समोर बघत जायला इतकी वर्षं लागली. त्यात वाईट वाटण्यासारखंही काही होतं. पण त्या इतक्या खुशीत होत्या की वाईट वाटायला कुणाला फुरसत नव्हती.

यांना आम्ही काही सांगितलं नाही. रोज सकाळी हे आडतीवर जाईपर्यंत सायकल चादरीखाली, आणि हे गेले की आत्याबाई गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर. ओढ्याचा चढ त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला. मला काळजी होती ती त्याचीच. सपाट रस्त्यावर गुडघा ऐकतो, चढावर काय म्हणेल? त्या चढावर जमलं नाही तर सगळं पुन्हा पुलावर बसून राहण्यापाशी येणार होतं, आणि मग पाडव्याला रान अण्णांचं.

येळवसेच्या दिवशी आमच्याकडे पहाटेपासून चूल पेटलेली असते. भाज्या आणि शेंगा घालून केलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील. सगळं गाव आपापल्या रानात जेवायला जातं. मी आंबील ढवळत होते तेव्हा आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आंघोळ झालेली, डोक्यावरून पदर.

"त्या कडीच्या डब्यात घाल आंबील. मी होते पुढं."

"आज? सामान घेऊन?"

"सामान न्यायला न्हाई जमलं तर रान काय बघू मी?"

मी डबा कॅरिअरला बांधला, दोन गाठी जास्तीच्या मारल्या. त्या गेल्या. मग मला काही सुचेना. हे उठले, चहा प्यायले, विचारलं, आई कुठंय? मी म्हटलं, पूजेची तयारी करतीय. खोटं नव्हतं, कुठे करतेय ते विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. ओढ्याचा उतार संपून चढ लागला तशी मी मान लांब करून बघायला लागले. चढावर कुणी नव्हतं. धुळीत सायकलीच्या चाकाची एक बारीक रेघ होती. चढाच्या अर्ध्यात ती रेघ थांबली होती आणि शेजारी पावलांचे ठसे होते. पण थोडं वर रेघ पुन्हा सुरू झाली होती, आधीपेक्षा सरळ. थांबल्या होत्या. पाय टेकले होते. श्वास घेतला होता. मग परत निघाल्या होत्या. पाय टेकता आले म्हणूनच परत निघता आलं होतं.

बांधाशी बाभळीला सायकल टेकवलेली. कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपटात, पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना लावून, कुंकू वाहून झालेलं. विठ्ठलअण्णा आधीच येऊन घोंगडीवर बसले होते, हातात आंबिलीचा पेला. ज्वारीची कणसं पोटरीतून बाहेर पडत होती, आणि आत्याबाई काठीने बांधाकडे दाखवत त्यांना सांगत होत्या की तुमच्या बाजूचं पाणी आमच्या हरभऱ्यात उतरतंय, तेवढं बघा.

हे गाडीवरून उतरायचे राहिले. "आई, तू आलीस कशी?"

"तुझ्या आधी आले."

अण्णा सायकलीकडे बघत म्हणाले, "बाळू, मी बटईचं बोलायला आलतो. पर वैनीनं मलाच कामाला लावलं." त्यांनी पेला पुढे केला. "आनखी घाला वैनी. लई दिसानं चांगली आंबील मिळाली."

बटईचं बोलणं तिथे मिटलं. यांनी भज्जी दोनदा घेतली, आणि जेवण झाल्यावर उठून सायकलीच्या सीटखाली वाकून ती वळलेली नळी कितीतरी वेळ पाहत राहिले. "हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?" त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "शेंगा सोलता सोलता निघालं." दोघींनाही श्रेय पुरेल एवढं होतं.

तेव्हापासून सायकल आत्याबाईंची. गौरी आता पुण्याला शिकते. सुटीत आली की तिला सायकल फिरवावीशी वाटते, आणि फिरवायची तर सीट वर घ्यावी लागते. आत्याबाईंनी खिळ्याने नळीवर एक चरा ओढून ठेवला आहे. गौरी परत जाताना सीट त्या चऱ्यावर आलीच पाहिजे; पोरीची एसटी चुकली तरी चालेल, पण आधी सीट.

काल ती ओळ काटायला मी सायकल सलीमभाईंकडे नेली. बोल्ट पाहिला, तेल घातलं. परत आणताना गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून मी सहज बसले. अलीकडे मशीनवरून उठताना माझाही उजवा गुडघा एक क्षण विचार करतो. सीटवर बसले, तर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट. पॅडलवर पाय ठेवला, गुडघा मोकळा. मी घरापर्यंत तशीच आले, घंटी न वाजवता.

आत्याबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. सूप खाली न ठेवता त्यांनी पाहिलं.

"बसली का नीट?"

"बसले."

"मग तुला येगळी घे," त्या म्हणाल्या. "ही माझी हाय. आन् सीट आधीच मागं घेऊन आण, माझ्यावानी हिवाळा घालवू नको."

मी आत आले आणि यादीत एक नवी ओळ वाढवली.